ट्रिम टॅब, इंटरसेप्टर की नुसता फिन? वीस-बावीस फुटी बोटवाल्यांसाठी

फायबरची वीस-बावीस फुटी बोट, मागे बाहेरून टांगलेलं एक आउटबोर्ड इंजिन आणि पाच-सहा माणसं. अलिबाग-मांडव्याच्या हौशी मालकांकडे असो की मालवणात पर्यटक फिरवणाऱ्यांकडे, तक्रारी ठरलेल्या असतात. थ्रॉटल दिला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर चढते आणि समोरचं दिसेनासं होतं. प्लेनिंगला यायला, म्हणजे वर उठून पाण्याच्या पृष्ठभागावरून धावायला, बोट फार वेळ घेते. एखादा वजनदार पाहुणा डाव्या बाजूला बसला की ती डावीकडे कलते आणि कललेलीच राहते. यावर बाजारात चार-पाच उपाय आहेत, आणि विकणारा प्रत्येक जण आपलाच रामबाण म्हणून सांगतो.

आधी फुकटचं करून बघा. पन्नास लिटर पेट्रोलचं वजनच सदतीस किलोच्या आसपास भरतं. जादा कॅन, बॅटरी, नांगर पुढे सरकवा. निघताना इंजिनाचा पॉवर ट्रिम (इंजिन बटणानं आत-बाहेर कलवण्याची सोय) पूर्ण आत घ्या आणि बोट प्लेनवर आली की हळूहळू बाहेर काढा. एवढ्यानं भागलं तर पैसे वाचले. पण इंजिनाच्या ट्रिमनं नाळ वरखाली होते, बोटीचा कल जात नाही. शिवाय नाळ दाबून धरायला इंजिन कायम आत वळवून ठेवलं, तर पंख्याचा (प्रॉपेलरचा) थोडा जोर बोट पुढे ढकलण्याऐवजी पिछाडी उचलण्यात जातो आणि सुकाणूही जड लागतं. (सात-आठ नॉटनं जाणाऱ्या ट्रॉलरला यातलं काहीच नको. हा सगळा खटाटोप प्लेन होणाऱ्या बोटींचा.)

सगळ्यात स्वस्त म्हणजे फिन. आउटबोर्डच्या कॅव्हिटेशन प्लेटवर, म्हणजे प्रॉपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीवर, बसवायचा प्लॅस्टिकचा पंखच तो. बोट उठायला मदत करतो, हे खरं. पण इंजिन योग्य उंचीवर बसवलेलं असेल तर प्लेनवर आल्यावर ती प्लेट पाण्याच्या पृष्ठभागाशी येते आणि फिनला फारसं काम उरत नाही. डावी-उजवी बाजू वेगळी सावरणं त्याच्यानं होत नाही. बऱ्याच फिनसाठी प्लेटला भोकं पाडावी लागतात, तेव्हा इंजिन वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या. याच्या वरचा पर्याय ट्रिम टॅबचा. ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) खालच्या कडेला डावी-उजवीकडे बसवलेल्या, वरखाली होणाऱ्या पट्ट्या म्हणजे टॅब; खाली केल्या की त्या पिछाडी उचलतात. त्यांतला साधा प्रकार गॅस स्प्रिंगवर चालणाऱ्या स्वयंचलित पट्ट्यांचा. वायर नाही, बटण नाही. वेग वाढला की पाण्याच्या दाबानं पट्ट्या आपोआप वर दाबल्या जातात. खाडीत किंवा धरणाच्या पाण्यात हलकी बोट चालवणाऱ्याला एवढं पुरे.

समुद्रात मात्र खरा प्रश्न वेगळाच असतो. गेटवे ते मांडवा हे चौदाएक किलोमीटरचं अंतर घ्या. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि बंदरात आखूड, उभी लाट उठते. मांडव्याहून मुंबईकडे येताना ती जवळजवळ समोरून येते. तेव्हा टॅब थोडे खाली केले की नाळ खाली बसते, तळाचा धारदार भाग लाट कापतो आणि कमरेचे हाल थांबतात. त्याच दुपारी मुंबईहून मांडव्याला जाताना लाट मागून येते. आता टॅब खाली राहिले तर पिछाडी उचलली जाते, नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत घुसते आणि बोट सुकाणूचं न ऐकता आडवी फिरू पाहते. म्हणून मागून लाट असेल तेव्हा टॅब पूर्ण वर घेतलेले असावेत. एकाच मार्गावर जाताना एक उत्तर आणि येताना नेमकं उलटं, म्हणजे चालकाच्या हाती बटण हवंच. समुद्रात फिरणाऱ्यानं फिन आणि स्प्रिंगवाले टॅब यादीतून काढून टाकावेत, असं मला इथेच वाटतं.

उरतात बटणावर चालणारे तीन प्रकार. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) टॅबमध्ये बेनेट कंपनीचं नाव जुनं. पंप बोटीच्या आत कोरडा असतो आणि पाण्यात फक्त सिलिंडर. तेल म्हणून ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड चालतं, ते मोटारींच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. दाब गेला तर सिलिंडरमधली स्प्रिंग पट्टी वर ओढून घेते, म्हणजे बिघाड झाला तरी टॅब सुरक्षित जागी जातो. इलेक्ट्रिकमध्ये लेन्कोसारखे संच बसवायला सुटसुटीत असतात, तेलाची कटकट नसते आणि बऱ्याच संचांत चावी बंद केली की टॅब आपोआप वर येतात. पण इथे मोटर थेट खाऱ्या पाण्यात असते. सील गेलं की अख्खा ॲक्च्युएटर (टॅब हलवणारा मोटरचा दांडा) बदलायचा, आणि तो बंद पडताना टॅब खाली असेल तर खालीच अडकतो.

इंटरसेप्टर (झिपवेक वगैरे) म्हणजे ट्रान्समच्या कडेला सरळ खाली सरकणारं पातं. ते काही सेंटिमीटरच उतरतं पण चटकन उतरतं. सेन्सरच्या जोरावर कल स्वतःच काढणारे संचही मिळतात. मागे पट्टी बाहेर आलेली नसल्यामुळे जाळं-दोर अडकायची भीती कमी. ऐकायला छान आहे, पण कमी वेगात त्याचा जोर टॅबपेक्षा कमी पडतो, आणि बोट कायम मूरिंगवर (पाण्यातच बांधलेली) असेल तर पात्याच्या फटीत बार्नॅकल (बोटीच्या तळाला चिकटणारे कवचधारी जीव) भरतात. ट्रेलरवर काढून धुतली जाणारी बोट असेल तर जरूर घ्या. वर्षातले आठ महिने पाण्यातच उभ्या असलेल्या बोटीसाठी माझं मत हायड्रॉलिक टॅबला.

मापाचा ढोबळ हिशोब असा की बोटीच्या दर फुटामागे प्रत्येक बाजूला एक इंच रुंदीचा टॅब. बावीस फुटीला बावीस इंच. ट्रान्समवर तेवढी जागा नसेल तर रुंदी कमी ठेवून लांबी वाढवतात. बटणांचं एक आधीच समजून घ्या. बहुतेक संचांत त्यांवर नाळेची कुठली बाजू खाली जाईल ते लिहिलेलं असतं. नाळेची उजवी बाजू खाली जायला डावी पिछाडी उचलावी लागते, त्यामुळे उजवं बटण दाबलं की डावा टॅब उतरतो. बोट डावीकडे कलली तर उजवं बटण, तेही हलकेच दाबायचं आणि परिणाम दिसेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं. नवशिके दाबून धरतात आणि बोट दुसरीकडे कलते.

बसवायचं काम पावसाळ्यात बोट वर काढाल तेव्हाच उरका. ट्रान्समच्या आत प्लायवुड असेल तर प्रत्येक भोकात मरीन सीलंट नीट भरून घ्या, नाहीतर लाकूड आतून कुजतं. आणि पूर्ण वर घेतलेल्या पट्टीची मागची कड तळाच्या रेषेपेक्षा किंचित वर आहे ना, हे सरळ पट्टी लावून कारागिरासमोरच तपासा.