जुन्या हायब्रिडची बॅटरी: खराब मॉड्यूल बदलावं की अख्खा पॅक?

दोन-अडीच लाख किलोमीटर धावलेल्या हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत, बॅटरीचा इशारा दिवा लागला, की हा प्रश्न येतोच. दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस घ्या. तिच्या बॅटरी पॅकमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची 28 मॉड्यूल्स, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, साखळीसारखी जोडलेली असतात, प्रत्येकी 7.2 व्होल्ट, एकूण 201.6. त्यामुळे एकच कडी कमजोर झाली तरी सगळा पॅक तिच्यापाशी अडतो.

तेवढीच कडी बदलली तर दिवा विझतो आणि खर्चही बराच वाचतो. पण उरलेली 27 मॉड्यूल्स तितकीच थकलेली असतात. बदललेल्या मॉड्यूलची क्षमता त्यांच्याशी जुळली नाही, तर पॅक पुन्हा असंतुलित होतो आणि काही महिन्यांत दुसरं मॉड्यूल मान टाकतं. गाडी वर्षभरातच काढायची असेल, तर मात्र हे चालून जातं.

नवा पॅक महाग पडतो. तरी गाडी आणखी पाच-सात वर्षं ठेवायची असेल, तर मी तोच घेईन. फक्त आधी इंजिन तपासून घ्या. ते तेल पीत असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर नव्या पॅकवरचा पैसा वाया जाईल.

काहीही निवडा, बॅटरी थंड ठेवणारा पंखा आणि त्याची जाळी साफ ठेवा. उष्णतेने पॅक लवकर म्हातारा होतो. आणि कृपा करून पॅक घरी उघडू नका. 200 व्होल्टचा डीसी प्रवाह जीव घेऊ शकतो.