बियर किटच्या नादात माझे १३,६५९ रुपये गेले, तुमचे घालवू नका

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितोच, कारण त्या भामट्याचा अख्खा धंदाच आपल्या लाजेवर चालतो.

मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, गॅरेजमध्ये बियर बनवतो. तिकडे १९७८ च्या कायद्यापासून घरी स्वतःपुरती बनवायला केंद्राची परवानगी आहे. त्याचे फोटो बघून मलाही किडा चावला. मग फोनवर जाहिरात दिसली, २० लिटरचं स्टार्टर किट, ५ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेला जव), हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारं झाकण), हायड्रोमीटर (पाण्यात साखर किती उतरली ते मोजायची नळी), सगळं ६,४९९ मध्ये. मी विचारलं, पुण्यात चालतं का हे? (एवढं तरी विचारलं, अगदीच बावळट नाहीये मी.) जाहिरातवाला म्हणाला, सर लायसन आम्हीच काढून देतो, २,००० अधिक जीएसटी, २,३६०. आता मला सांगा, प्यायचं परमिट मिळतंच ना आपल्याकडे, हजार रुपयात आयुष्यभराचं, मग बनवायचंही मिळत असेल असं वाटलं तर माझं काय चुकलं? तर ऐका, १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बिनपरवाना बियर बनवणं गुन्हा आहे, आणि परवाने व्हॉट्सॲपवर वाटत नसतात.

क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीजवाल्याचं. मी वाचलं ते. नीट वाचलं. अंगठा दोन सेकंद थांबला पण. सरकारी फी चलनाने भरतात, मोबाईल कव्हर विकणाऱ्याच्या खात्यात नाही, हे मला, पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाला, कळू नये? पण डोक्यात फेस आलेला ग्लास होता, टाकला पिन. नंतर जी पीडीएफ आली तिच्यात महाराष्ट्र शब्द "महराष्ट्र" असा होता. तेही दिसलं. टायपिंग मिस्टेक म्हटलं.

मग पार्सल अडकलंय म्हणून ४,८०० "रिफंडेबल". भरले. आणि पार्सल खरंच आलं हो! म्हणून तर विश्वास बसला. रविवारी किचन ताब्यात घेतलं, किटमधलं माल्ट ६६ डिग्रीच्या पाण्यात तासभर भिजवलं, हायड्रोमीटर १.०५० च्या आसपास जायला हवा तो १.००८ वर बसलेला, चव तर आजारी माणसाच्या पेजेची. कारण ते माल्ट नव्हतंच, साधा जव होता. जवाला मोड आणून वाळवतात तेव्हा माल्ट होतं, मोडच नाही तर स्टार्चची साखर कोण करणार. दाणा चावून बघा, माल्ट कुरकुरीत आणि गोडसर लागतं, जव दाताला दगड. हॉप्सच्या हिरव्या गोळ्यांना कडू वास यायला पाहिजे, माझ्यांना गवताचा येत होता. शेजारचा पोरगा आला आणि म्हणाला, काका, हे तर आमच्या सशाचं खाणं.

अकरा दिवस गप्प बसलो. ही दुसरी चूक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, पैसे पुढे सरकायच्या आत.

चौकीत गेलो तर साहेबांनी पूर्ण ऐकून पहिला प्रश्न काय विचारला? "म्हणजे तुम्ही घरी दारू पाडणार होता?" शेजारचा शिपाई हसतोय. तक्रार घेतो म्हणे, पण मग तुमचंही बघावं लागेल. सायबरला जा. सायबरवाले म्हणाले रक्कम छोटी आहे, आधी चौकीत जा. बँकेत मॅडम म्हणाल्या पिन तुम्हीच टाकलाय, पुढचे. अरे पिन मीच टाकलाय हे माहितीये मला, कुणाच्या खात्यात गेले ते तरी सांगा! तर ते गोपनीय. चोराची गोपनीयता, आणि माझा पंचनामा सगळ्यांसमोर. तीन रजा गेल्या, पोच म्हणून एक कागद नाही. मी काय हातभट्टी लावली होती का?

स्क्रीनशॉट आधी काढा, भामटा चॅट डिलीट करतो. पूर्ण पैसे आगाऊ मागितले की फोन ठेवा.

जाहिरात अजून चालूच आहे, आता ४,९९९ मध्ये. आणि उरलेला जव आईने भाजून सातूच्या पिठात घातला, रोज नाश्त्याला समोर येतो.