दिवाळीत मॉरिशस, नाताळात श्रीलंका: आधी सुट्टीचा महिना बघा

सहकुटुंब पहिल्यांदा परदेशी जायचं ठरलं की बऱ्याच घरांत शेवटी दोन नावं उरतात: श्रीलंका आणि मॉरिशस. दोन्ही बेटं, दोन्हीकडे समुद्र आणि हिरवे डोंगर, चलनाचं नाव रुपया आणि गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. फोटो बघून ठरवायला बसलात तर वाद महिनाभर संपणार नाही. माझं ऐकाल तर आधी शाळेचं कॅलेंडर उघडा. या दोन बेटांचं हवामान एकमेकांच्या जवळजवळ उलट चालतं, त्यामुळे निम्मा निर्णय तिथेच होतो.

श्रीलंकेत मोसमी पाऊस दोनदा येतो. साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल, मिरिसा ही बाजू भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस त्रिंकोमाली, बट्टिकलोआकडे असतो. म्हणजे बेटाची एक बाजू ओली असेल तेव्हा दुसरी बहुतेक कोरडी मिळते. गोची होते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा दोन मोसमांच्या मधला काळ असतो, दुपारनंतर कुठेही ढग फुटतात आणि बंगालच्या उपसागरातली वादळंही याच सुमाराला येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वा चक्रीवादळाने चहाच्या डोंगरांत किती दरडी कोसळल्या, ते आपण बातम्यांत पाहिलंच. आणि आपली दिवाळीची सुट्टी नेमकी याच दिवसांत येते!

मॉरिशस दक्षिण गोलार्धात. मे ते ऑक्टोबर तिथला हिवाळा, पण हिवाळा म्हणजे सरासरी २० अंशांच्या आसपास. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, सरासरी २५च्या जवळ, पण दमट. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हा तिथला सगळ्यात गोड काळ. पाऊस कमी, वारा मंदावलेला आणि समुद्र हळूहळू कोमट होत आलेला. दिवाळीत जायचं असेल तर मला यात दुसरा विचारच करावासा वाटत नाही.

नाताळाच्या सुट्टीत पारडं पूर्ण फिरतं. डिसेंबर-जानेवारीत मॉरिशस महाग असतं, गर्दीचं असतं आणि पुढे मार्चपर्यंत चक्रीवादळांची टांगती तलवार असते. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या तरंगत होत्या. उलट श्रीलंकेचा दक्षिण किनारा तेव्हा ऐन रंगात येतो. गॉलच्या किल्ल्यावर संध्याकाळी फिरा, मिरिसाहून पहाटेच्या बोटीने निळे देवमासे शोधायला जा. नुवारा एलिया जवळपास १,८७० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री स्वेटरवर शाल घ्यावी लागते, तेव्हा कोलंबोच्या अंदाजाने बॅग भरू नका. कॅन्डीहून एलाकडे जाणारी रेल्वे मात्र दित्वा वादळाच्या तडाख्यानंतर कुठपर्यंत सुरू आहे, ते विचारूनच बेत आखा.

मेच्या सुट्टीत दोन्ही जमतं. श्रीलंकेत गेलात तर पूर्व किनारा धरा, म्हणजे त्रिंकोमाली किंवा अरुगम बे, आणि वाटेत सिगिरिया. तो जवळपास २०० मीटर उंचीचा कातळ सकाळी उघडल्या उघडल्या चढा, दहानंतर आजी-आजोबांचे हाल होतात. मे महिन्यात वेसाक पौर्णिमा येते, तेव्हा गावोगाव कागदी कंदील लागतात आणि रस्त्यावर फुकट जेवण वाटलं जातं. मात्र पौर्णिमेला, तिथे म्हणतात त्या पोया दिवशी, मद्यविक्री बंद असते. त्यासाठीच जाणाऱ्यांनी तारखा बघाव्यात, बाकीच्यांना काही फरक पडत नाही.

मॉरिशसमध्ये महिना ठरला तरी किनारा निवडायचा राहतोच, आणि तिथे भलेभले गंडतात. आग्नेयेकडून वाहणारा वारा पूर्वेच्या बेल मार किनाऱ्यावर थेट येतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पोहण्यापेक्षा थंडीच जास्त वाजते. ढग मधल्या पठारावर रिकामे होतात. पठारावर काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर सुमारे ९००. म्हणून थंडीच्या महिन्यांत पश्चिमेची फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ले मॉर्नची बाजू घ्या. प्रवाळाच्या कड्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी बहुतेक ठिकाणी शांत, लहान मुलांना सोडायला बरं. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी हा कडा तुटलेला आहे. तिथे लाटा बघायच्या, पाण्यात उतरायचं नाही. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, हेही दिवसाचा कार्यक्रम आखताना धरून चला.

खर्चाचं गणित सरळ आहे. मुंबईहून कोलंबो अडीच तासांच्या आसपास, मॉरिशस सहा-सव्वासहा तास, आणि तिकिटात तो फरक दिसतो. श्रीलंकेचा रुपया आपल्यापेक्षा स्वस्त, मॉरिशसचा महाग. श्रीलंकेत प्रेक्षणीय स्थळांची तिकिटं परदेशी माणसाला डॉलरच्या भावाने पडतात, पण सार्क देशांच्या पाहुण्यांना बऱ्याच ठिकाणी सवलत आहे. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिशात हवा. फेब्रुवारी २०२४ पासून दोन्हीकडे यूपीआय सुरू झालंय, तरी रोख ठेवाच.

शाकाहारी मंडळींना श्रीलंकेत आप्पम म्हणजे हॉपर, नारळाची चटणी म्हणजे सांबोल आणि डाळ यावर आठवडा काढता येतो, मात्र सांबोलमध्ये सुकी मासळी नाही ना, हे आधी विचारा. मॉरिशसमध्ये ढोल पुरी खा. गूळ न घातलेली पुरणपोळीच ती, चणाडाळ भरलेली, पातळ. गाडीवर जोडीने मिळते, आत पांढऱ्या वालांची भाजी, टोमॅटोचा रुगाय आणि तिखट चटणी, वर कागद. उभ्या उभ्या खायची आणि शर्ट सांभाळायचा. १८३४ पासून करारावर नेलेल्या मजुरांनी हे खाणं तिथे रुजवलं. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट त्यांचंच स्मारक. त्या मजुरांत कोकणातलीही माणसं होती. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेशोत्सवाला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर हे चुकवू नका.

सुट्टीपुरतं नाही, तिथे राहायलाच जायचं मनात असेल तर मी मॉरिशसकडे झुकेन. बाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी तिथे २०२० पासून वर्षभराचा प्रीमियम व्हिसा आहे, पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी निवृत्तांचा परवाना आहे. श्रीलंका स्वस्त आहे, जेवण-माणसं जवळची वाटतात, पण २०२२ च्या इंधनाच्या रांगा आणि औषधांची टंचाई विसरून तिथे बस्तान बसवावं, असं मला तरी वाटत नाही. फिरायला जाणाऱ्याने मात्र याची धास्ती घेऊ नये.

मॉरिशसमध्ये घर बघताना क्युरपिपमधली कमी भाडी भुरळ घालतात. पठारावरचं हे गाव थंड आहे खरं, पण ओलंही तितकंच. कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी धरते. किनाऱ्यावर बुरशी कमी, गंज जास्त. वादळाचे इशारे एक ते चार अशा पायऱ्यांत दिले जातात आणि तिसऱ्यानंतर घरातच बसायचं असतं, त्यामुळे पाण्याची टाकी आणि खिडक्यांची झडपं घरमालकाला दाखवायला सांगा. आणि भाडेकरारावर सही करण्याआधी फेब्रुवारीत तिथे पंधरा दिवस राहून घ्या. ऑगस्टमध्ये बघितलेलं घर प्रत्येकालाच आवडतं.