रिसीव्हरला प्रीअ‍ॅम्प जोडताना: बायपास, टेपची खूण, की काहीच नको?

गाण्यांसाठी स्टिरिओ प्रीअ‍ॅम्प (कुठलं यंत्र ऐकायचं आणि किती मोठ्याने, हे ठरवणारा डबा), सिनेमासाठी ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर सांभाळणारा) आणि पुढचे दोन स्पीकर दोघांत सामाईक, असा संसार मांडायचा असेल तर आधी रिसीव्हरची पाठ बघा. पुढच्या डाव्या-उजव्या चॅनेलचे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी सॉकेटं) आहेत का? स्वस्त रिसीव्हरवर बहुधा सबवूफरचा एकच असतो. तसं असेल तर पहिले दोन पर्याय सोडून द्या.

बायपास हा सरळ रस्ता. रिसीव्हरचे प्री-आउट प्रीअ‍ॅम्पच्या 'एचटी बायपास' (एचटी म्हणजे होम थिएटर) इनपुटला, तिथून स्पीकरला ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प आणि मग स्पीकर. बायपास निवडला की प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्यूम बाजूला पडतो आणि सगळ्या चॅनेलचा आवाज रिसीव्हरच्या रिमोटवर चालतो. ऑडिसी किंवा डिरॅक या रूम करेक्शनचा, म्हणजे खोलीनुसार आवाज जुळवून घेण्याचा, माइक मांडायचा तोही बायपास लावूनच. घेण्याआधी एक गोष्ट विचारा: प्रीअ‍ॅम्प बंद असताना बायपास चालतो का? काहींत चालतो, काहींत प्रीअ‍ॅम्प चालू ठेवावा लागतो. घरच्यांना नुसती मालिका बघायची असते तेव्हा हा फरक कळतो. आणि त्या सॉकेटात चुकूनही स्ट्रीमर (इंटरनेटवरची गाणी वाजवणारं यंत्र) खुपसू नका, आवाज थेट पूर्ण ताकदीने बाहेर येईल.

बायपास नसेल तर साधं ऑक्स इनपुट घ्यायचं, नॉब एका जागी ठेवायचा आणि कॅलिब्रेशन, म्हणजे माइकने सगळ्या स्पीकरची पातळी जुळवणं, तिथेच करायचं. फुकटात होतं, आवाजातही खोट नाही. खोट आपल्यात. मी नॉबशेजारी पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून काही महिने असेच काढले. रात्री सिनेमा संपला, सकाळी रेकॉर्ड लावली, नॉब खुणेवरच! सुई टेकली तो 'धप्प' आवाज अजून आठवतो; स्पीकर वाचले हे नशीब. उलटंही व्हायचं. आदल्या दिवशी हळू गाणी ऐकलेली, त्यामुळे सिनेमात मधल्या स्पीकरचे संवाद ठणठणीत आणि पुढचे दोन जवळजवळ मुके. रिसीव्हर बिघडला म्हणून मी वायरी तपासत बसलेला. खूण फार खाली ठेवू नका. रिसीव्हरला चॅनेलची पातळी साधारण १२ डेसिबलपर्यंतच वर-खाली करता येते, भरपाई तिथेच संपते.

तिसरा पर्याय प्रीअ‍ॅम्प न घेण्याचा, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. गाणी स्ट्रीमरवरूनच ऐकत असाल आणि खोली घुमत असेल, तर रूम करेक्शन असलेला रिसीव्हर साध्या प्रीअ‍ॅम्पपेक्षा बास जास्त नेटका लावतो. प्रीअ‍ॅम्पचे पैसे स्पीकरवर घाला. रेकॉर्ड प्लेअरवाल्यांचं गणित वेगळं. बरेच रिसीव्हर अ‍ॅनालॉग सिग्नलही आधी डिजिटल करतात; 'डायरेक्ट' मोडने ते बहुधा टळतं, पण मग करेक्शनही जातं. अशांनी प्रीअ‍ॅम्प जरूर घ्यावा, आणि बायपासवालाच.

प्री-आउट नसलेल्यांना उरतो स्पीकर सिलेक्टर: एका वेळी एकच अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला जोडणारा. दोन्ही अ‍ॅम्प एकाच टर्मिनलवर एकत्र बांधलेत तर एखादा जळेल.

सबवूफरचं सहसा कोणी आधी सांगत नाही. रिसीव्हर बंद ठेवून गाणी ऐकली की सब गप्प बसतो. प्रीअ‍ॅम्पला दुसरं आउटपुट हवं आणि सबला दोन वेगळी इनपुट. रेल कंपनीच्या बऱ्याच सबमध्ये स्पीकरच्या वायरीने जोडायचं हाय-लेव्हल आणि सिनेमाचं एलएफई (खोल आवाजांचा वेगळा चॅनेल) ही दोन्ही एकत्र चालतात, दोन्हींचे नॉबही निराळे. तुमच्या सबवर एकच सॉकेट असेल तर गाण्याला सब नाही, एवढं धरून चाला.

जोडणी झाल्यावर गुणगुण आली तर प्रीअ‍ॅम्पला शिव्या घालण्याआधी केबल टीव्हीची वायर उपटून बघा. गुणगुण थांबली तर त्या वायरीवर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारा तुकडा) लावा. प्लगची अर्थ पिन मात्र कापायची नाही.