हीटिंगच्या वायरिंगचे ६४० पौंड

इंग्लंडात रेडिंगमधलं आमचं घर जुनं. बॉयलर किचनमध्ये, गरम पाण्याची टाकी वरच्या मजल्यावरच्या कपाटात. जानेवारीत एका सकाळी सगळे रेडिएटर गार, नळाला मात्र कडकडीत पाणी. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पाणी तापतंय म्हणजे बॉयलर ठीक आहे. आमच्याकडे हीटिंगला एक आणि टाकीला एक असे दोन मोटरवाले व्हॉल्व्ह आहेत, त्याला इथे एस-प्लॅन म्हणतात. त्यातला हीटिंगचा उघडत नव्हता, एवढंच. पण सांगलीहून आलेली आई दोन स्वेटर घालून कुडकुडत होती. जो ‘आज येतो’ म्हणाला त्याला बोलावलं.

त्याने वायरिंगचा डबा उघडून च्च केलं. दोन्ही व्हॉल्व्ह गेलेत, वायरिंग नव्याने करावं लागेल, ६६० पौंड. रोख दिले तर वीस सूट. मी खूश! गॅसचं काम करणाऱ्याकडे इथे असावं लागतं ते गॅस सेफचं कार्ड? “व्हॅनमध्ये आहे.” पुन्हा विचारायची मला भीड वाटली. दीड तासात रेडिएटर गरम. येताना आणलेली व्हॉल्व्हची दोन खोकी तो ‘कचरा टाकतो’ म्हणून परत घेऊन गेला.

आई तेव्हाच म्हणाली, “अरे, साधा नळ बदलायचा तरी आपल्याकडे आधी पाणी बंद करतात. याने बादलीसुद्धा मागितली नाही.”

“आई, इथलं वेगळं असतं,” मी म्हणालो.

चोर पकडला तो डोशाच्या पिठाने. थंडीत पीठ आंबायला आम्ही टाकीच्या कपाटात ठेवतो. आठवड्यात तिसऱ्यांदा पातेलं उतू गेलं, तेव्हा आई म्हणाली, रात्रभर कपाटाची भट्टी झालेली असते. हीटिंग तर अकरालाच बंद होतं! पहाटे तीनला उठलो. हीटिंगच्या वेळा लावायचा प्रोग्रामर बंद, थर्मोस्टॅट १० वर, आणि खाली बॉयलर घुमतोय. रेडिएटरांना आपापले थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असल्याने खोल्या फार तापत नव्हत्या, म्हणून इतके दिवस कळलं नाही.

मग ओळखीतून साठीचे एक सरदारजी इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, मग डबा उघडून बोट ठेवलं. व्हॉल्व्हच्या करड्या वायरीत कायम २३० व्होल्ट असतात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आतला छोटा स्विच ते नारिंगी वायरीत सोडतो आणि मगच बॉयलर पेटतो. त्या बहाद्दराने करडी आणि नारिंगी एकाच टर्मिनलमध्ये कोंबून ठेवल्या होत्या! म्हणजे बॉयलरला चोवीस तास ‘चालू हो’चा हुकूम. हीटिंगच्या व्हॉल्व्हचा खटका हाताने ओढून उघडाच अडकवलेला. ‘नव्या’ व्हॉल्व्हच्या स्क्रूंवर भिंतीचा जुना रंग, नटांवर वर्षानुवर्षांची हिरवी पुटं. जळली होती फक्त मोटर. मोटरचं वरचं डोकं बदलायला पाणीही काढावं लागत नाही. १२० पौंडांत काम झालं.

पहिल्याचा फोन बंद, पावती नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४ च्या ‘कन्झ्युमर क्रेडिट’ कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे मागता आले असते, कारण रक्कम १०० पौंडांच्या वर होती. वीस पौंडांच्या सुटीपायी तेही गेलं.

तुमच्याकडे कुणी कंट्रोलचं काम करून गेला असेल, तर तो दारात असतानाच टाकीचं पाणी तापवणं बंद करून थर्मोस्टॅट तळाला न्या. बॉयलर विझला पाहिजे. जुने सुटे भाग हातात मागा. गॅस सेफच्या कार्डाची मागची बाजू बघा, कोणत्या कामाची परवानगी आहे ते तिथे असतं.

आईचं पीठ आता सकाळी आठपर्यंत जेमतेम फुगतं.