कोणापासून काय लपवायचे आहे? इन्कॉग्निटो, व्हीपीएन आणि टॉर यांतील निवड

ऐरोलीत राहणारी माझी भाची एका कामगार संघटनेचे कायदेविषयक काम पाहते. रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यातले कामगार तिच्याकडे येतात, आणि त्यांतल्या काहींना सुरक्षिततेबाबतची किंवा वेतनाबाबतची कागदपत्रे, मालकाला आपले नाव कळू न देता, सरकारी खात्याकडे अथवा एखाद्या वार्ताहराकडे पोहोचवायची असतात. गेल्या महिन्यात ती ठाण्याला आमच्या घरी आली तेव्हा तिने विचारले, “मामा, वर्षाचे पैसे भरून व्हीपीएन घेऊ, फुकट मिळणारा टॉर ब्राउझर वापरू, की क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी पुरेल?” नेटवर्कच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, तरी मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. ही तीन साधने प्रत्येकी वेगळ्या माणसापासून वेगळी गोष्ट लपवतात, आणि आपल्याला कोणापासून काय लपवायचे आहे हे ठरल्याशिवाय त्यांच्यात निवड करताच येत नाही.

म्हणून त्या दिवशी आम्ही एकाच लॅपटॉपवर तिन्ही साधने आळीपाळीने लावली आणि प्रत्येकात आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपली जोडणी ओळखण्याचा क्रमांक, दाखवणारे एकच संकेतस्थळ उघडले. इन्कॉग्निटोमध्ये आमच्या ब्रॉडबँड कंपनीचे नाव आणि ठाणे शहर जसेच्या तसे आले. व्हीपीएन चालू केल्यावर सिंगापूर आले. टॉरमध्ये जर्मनीतला पत्ता आला, आणि पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक केल्यावर वाटेतले तीन टप्पे एकाखाली एक दिसले: फिनलंड, नेदरलँड्स, जर्मनी. भाचीने नवा मार्ग मागणारे बटण दाबले, तेव्हा पहिला टप्पा तोच राहिला आणि पुढचे दोन बदलले. पहिला टप्पा मुद्दामच बराच काळ कायम ठेवलेला असतो, कारण तो वारंवार बदलला तर कधी ना कधी पाळत ठेवणाऱ्याच्याच यंत्रावर जाऊन पडण्याची शक्यता वाढते.

इन्कॉग्निटोबद्दल थोडक्यात सांगता येते. खिडकी बंद केली की त्या खिडकीतला इतिहास आणि कुकीज (संकेतस्थळांनी आपल्याला ओळखण्यासाठी ठेवलेल्या छोट्या नोंदी) उपकरणावरून पुसल्या जातात, एवढेच तिचे काम. घरात सगळ्यांत मिळून एकच लॅपटॉप असेल किंवा सायबर कॅफेत अर्ज भरायचा असेल, तर तिचा खरोखर उपयोग आहे. मात्र ब्रॉडबँड कंपनी, कार्यालयाचे नेटवर्क आणि समोरचे संकेतस्थळ यांच्यापासून ती आपला पत्ता लपवत नाही. याच गैरसमजावरून गूगलवर अमेरिकेत २०२० साली दावा दाखल झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत कंपनीने खासगी ब्राउझिंगमधून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

व्हीपीएनचा विचार थोडा अधिक करावा लागतो. आपल्या उपकरणापासून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास कूटबद्ध होतो, त्यामुळे ब्रॉडबँड कंपनीला किंवा मॉलमधल्या मोफत वाय-फायवाल्याला आपण कुठे गेलो हे कळत नाही, आणि संकेतस्थळाला आपल्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. वेग फारसा घटत नाही. परंतु आतापर्यंत ब्रॉडबँड कंपनीला जे दिसत होते ते सगळे आता व्हीपीएन कंपनीला दिसू लागते, शिवाय पैसे भरताना दिलेले नाव आणि कार्डाचा तपशीलही तिच्याकडे असतो. म्हणजे विश्वास एका दुकानातून उचलून दुसऱ्या दुकानात ठेवला, एवढाच फरक पडतो. भारतात या विश्वासाला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या संगणक सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद किमान ५ वर्षे जपायची आहे. कर्मचाऱ्यांना कार्यालयात जोडून देणारे कंपन्यांचे अंतर्गत व्हीपीएन यातून वगळले आहेत. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन यांनी त्याच वर्षी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. फुकटच्या व्हीपीएन ॲपबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सर्व्हरचा खर्च कोणीतरी भरत असतो, आणि तो आपण भरत नसू तर आपली माहिती भरते, म्हणून तसले ॲप भाचीने घेऊ नये.

टॉरची रचनाच निराळी आहे. तिच्यामागची कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, २००२ पासून रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन यांनी ती सर्वांसाठी खुल्या जाळ्याच्या रूपात आणली, आणि २००६ पासून टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था तिचे काम पाहते. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या हजारो यंत्रांपैकी तीन यंत्रांतून आपला संदेश जातो आणि त्यावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक तीन आवरणे असतात. पहिल्या यंत्राला आपण कोण हे कळते, पण आपण कुठे चाललो ते कळत नाही. शेवटच्याला कुठे चाललो ते कळते, पण कोण ते कळत नाही. मधल्याला दोन्हींपैकी काहीच कळत नाही. व्हीपीएनमध्ये एकाच कंपनीच्या हाती असलेली दोन टोके इथे वेगळ्या लोकांच्या हाती असतात, आणि माझ्या मते भाचीच्या कामासाठी हाच निर्णायक मुद्दा आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. पाने सावकाश उघडतात, अनेक संकेतस्थळे आपण माणूस असल्याचा पुरावा पुन्हापुन्हा मागतात, आणि बँकेचे व्यवहार टॉरमधून करूच नयेत. नौपाड्यातल्या माझ्या एका मित्राने तसे केले, तेव्हा परदेशातून प्रवेशाचा प्रयत्न झाला असे समजून बँकेने त्याचे खाते गोठवले आणि त्याला शाखेत तीन चकरा माराव्या लागल्या. ब्राउझरची खिडकी मोठी केली की पानाभोवती राखाडी पट्टी राहते. भाचीला तो बिघाड वाटला, पण ती पट्टी मुद्दाम ठेवलेली आहे, कारण पडद्याच्या नेमक्या मापावरूनही माणूस ओळखता येतो आणि सर्वांची खिडकी ठरावीक मापांची दिसली तर गर्दीत मिसळता येते. त्याच कारणाने या ब्राउझरमध्ये एकही एक्स्टेंशन, म्हणजे जादा जोडायचे सॉफ्टवेअर, वाढवू नये.

जिथे टॉरचे संरक्षण संपते त्या जागाही ठाऊक असायला हव्यात. संकेतस्थळाची जोडणी एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध, नसेल तर शेवटच्या यंत्रापासून संकेतस्थळापर्यंतचा प्रवास उघडा असतो. २००७ साली डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणाने अशी पाच यंत्रे स्वतः चालवून दाखवली आणि भारतासह अनेक देशांच्या दूतावासांच्या ई-मेलचे पासवर्ड त्याच्या हाती आले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ब्राउझर अद्ययावत न केलेल्या विंडोज वापरकर्त्यांचे खरे आयपी पत्ते, टॉर ब्राउझर ज्यावर बेतलेला आहे त्या फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्तीतल्या एका दोषातून उघड केले गेले. तिसरे उदाहरण मी भाचीला दोनदा सांगितले. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात बॉम्बची खोटी धमकी टॉरमधून पाठवणारा विद्यार्थी लगेच सापडला, कारण तो विद्यापीठाच्याच नेटवर्कवर होता आणि त्या वेळी तिथून टॉर वापरणारे मोजकेच होते. टॉरमध्ये आपण काय करतो ते नेटवर्कवाल्याला दिसत नाही, पण आपण टॉर वापरतो हे दिसते. कारखान्याच्या वाय-फायवरून सव्वाशे माणसांत एकट्यानेच टॉर उघडला, आणि दुसऱ्या दिवशी कागद बाहेर आला, तर मालकाला आणखी पुराव्याची गरज उरत नाही. ‘ब्रिज’, म्हणजे टॉरच्या जाहीर यादीत नसलेले पहिले यंत्र, वापरून ही खूण बरीचशी झाकता येते, तरीही कंपनीचे नेटवर्क आणि कंपनीने दिलेला लॅपटॉप या दोन्ही गोष्टी टाळाव्यात, कारण लॅपटॉपवर देखरेखीचे सॉफ्टवेअर असेल तर तिथे यातले कोणतेच साधन कामाचे नाही.

आता त्या ‘डार्क वेब’विषयी, ज्याच्या नावाने भाचीच्या आईला धास्ती वाटत होती. गूगलला न सापडणारे सगळे म्हणजे डीप वेब. आपली ई-मेलपेटी, बँक खाते आणि डिजिलॉकर त्यातच येतात. डार्क वेब हा त्यातला फार लहान भाग, जो टॉरसारख्या सॉफ्टवेअरनेच उघडतो. तिथले पत्ते ५६ अक्षरांचे असून शेवटी ‘डॉट ओनियन’ असते, आणि तिथे संदेश टॉरच्या जाळ्याबाहेर नेणारे शेवटचे यंत्रच लागत नसल्याने वर सांगितलेला उघडा टप्पा राहत नाही. फेसबुक २०१४ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्स २०१७ मध्ये आणि बीबीसी २०१९ मध्ये तिथे आले. वृत्तसंस्था निनावी कागदपत्रे स्वीकारण्यासाठी वापरतात ती सिक्युअरड्रॉप ही व्यवस्थाही तिथेच चालते. २०११ ते २०१३ या काळात चाललेला सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजारही तिथलाच, आणि २०१७ मध्ये हान्सा नावाचा बाजार डच पोलिसांनी ताब्यात घेऊन जवळपास महिनाभर स्वतःच चालवला, तोपर्यंत खरेदीदारांना पत्ताही नव्हता. टॉर वापरण्यावर बंदी घालणारा कायदा भारतात नाही, पण बाहेर जो गुन्हा तो तिथेही गुन्हाच. कुतूहलापोटी अनोळखी याद्यांतले दुवे उघडत फिरण्याचे काही कारण मला दिसत नाही. हुबेहूब नकली पाने तिथे पुष्कळ आहेत आणि ५६ अक्षरे डोळ्यांनी कोणी पडताळत नाही.

आयटूपी हे दुसरे लपलेले जाळे २००३ पासून आहे. त्यात जाणारा आणि येणारा मार्ग वेगवेगळा असतो, परंतु त्याचा रोख आतल्या आतल्या संकेतस्थळांवर आहे, म्हणून भाचीच्या कामाचे ते नाही. टेल्स मात्र आहे. ही संपूर्ण कार्यप्रणाली ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून चालते, सगळी वाहतूक टॉरमधून नेते आणि बंद करताना संगणकावर मागमूस ठेवत नाही. २०२४ मध्ये तो प्रकल्प टॉर प्रोजेक्टमध्येच विलीन झाला.

शेवटी तिच्यासाठी ठरले ते असे. व्हीपीएनचे पैसे भरायचे नाहीत. तो ठाणे-वाशी लोकलमध्ये आणि कॅफेत बसून काम करणाऱ्या तिच्या भावाला अधिक उपयोगी. कामगाराने स्वतःच्या घरून, स्वतःच्या उपकरणावर टॉर प्रोजेक्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेला ब्राउझर वापरायचा, आणि त्यात आपल्या नावाचे कोणतेही खाते उघडायचे नाही. गेल्या शनिवारी पहिला कामगार आला. त्याने मोबाइलवर काढलेल्या कागदाच्या फोटोचा तपशील भाचीने उघडला, तर त्यात फोटो काढल्याची वेळ, फोनचे मॉडेल आणि कारखान्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले होते. ते पुसून झाल्यावरच तिने टेल्सचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला.