स्वस्तातल्या गोल्डन ईगल्सपायी चार वर्षांचं खातं गेलं

मी नगरचा. लहानपणी बाबांचा हात धरून इथल्या रणगाडा संग्रहालयात किती वेळा गेलो त्याला हिशोब नाही. त्यामुळे 'वॉर थंडर' हा रणगाड्यांच्या लढायांचा ऑनलाइन गेम हाती लागल्यावर मी त्यातलाच झालो. रशियन रणगाड्यांत टी-३४ पासून सुरुवात करायची आणि टी-७२ गाठायचा, एवढंच डोक्यात. आपल्या लष्करात 'अजेय' म्हणतात, तोच.

ग्राइंड, म्हणजे पुढचा रणगाडा मिळवायला तेच ते पुन्हा पुन्हा खेळणं, काय असतं ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. रोज रात्री दोन-दोन तास, एकेका रणगाड्यापायी आठवडेच्या आठवडे. सगळ्यात जीवाला लागायचं ते वेगळंच. सगळ्या सुधारणा झालेल्या रणगाड्यावर खेळलं की नवे रणगाडे उघडणारे रिसर्च पॉइंट साठत जातात, पण ते वापरायला गोल्डन ईगल्स (गेममधलं चलन) लागतात आणि ते खऱ्या पैशांनी घ्यावे लागतात. आपल्याच घामाचे लाखो पॉइंट समोर दिसतात, हात लावता येत नाही. मे २०२३ मध्ये जगभरातल्या खेळाडूंनी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर वाईट रिव्ह्यूंचा भडिमार केला तो अशाच दमछाकीतून. नंतर बऱ्याच गोष्टी सुधारल्या, पण वरच्या रँकची चढण अजूनही दम काढते.

नेमके असे दमलेले लोक हेरणारे टपून बसलेले असतात. टेलिग्रामवर एकजण निम्म्या भावात ईगल्स देत होता. "भाऊ, आधी थोडे घेऊन बघ, मग बोलू." ५०० रुपयांचे घेतले, दहा मिनिटांत जमा. मग साडेचार हजार यूपीआयने पाठवले. आता म्हणाला, ऑर्डर मोठी आहे, तुझ्या खात्यात लॉगिन करूनच टाकावे लागतील, टू-स्टेप (लॉगिनची दुसरी पडताळणी) बंद कर. मी पासवर्ड दिला, टू-स्टेपही बंद केलं. ईगल्स आले, साठलेले पॉइंट मोकळे झाले, टी-७२ गॅरेजमध्ये उभा राहिला. त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद.

बावीस दिवसांनी खातं उघडेना. सपोर्टला लिहिल्यावर कळलं, ती खरेदी भलत्याच कुणाच्या कार्डवरून झाली होती. कार्डवाल्याने बँकेत तक्रार केली, पैसे मागे गेले आणि खातं बंद झालं. निम्मा भाव परवडतो तो असा. ठगाचा स्वतःचा एक पैसाही लागत नाही. माझे पाच हजार त्याच्याकडे, आणि कार्ड चोरीला गेलेल्या त्या अनोळखी माणसाला झालेल्या मनस्तापात माझाही हात लागला, हे मला अजून खुपतं.

घरी काय सांगू या लाजेने १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायला मी आणखी आठवडा घालवला. तुमच्या बाबतीत असं घडलं तर त्याच तासाला फोन करा, cybercrime च्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते अडवता येतात. चॅट पुसू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. माझ्याकडे तो होता, पण पैसे केव्हाच पुढे गेले होते.

परवा त्याच ग्रुपवर नवं नाव, नवा फोटो लावून कुणीतरी आलंय. पहिला मेसेज जसाच्या तसा: "भाऊ, आधी थोडे घेऊन बघ."